मधुमेही पायांसाठी निधी: कोल्हापूर जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयाचे प्रकरण

हातकणंगले तालुक्यातील एका लहान धर्मादाय रुग्णालयात काम करणाऱ्या एमडी फिजिशियन डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांच्या पायांवरील कामासाठी निधी आणि प्रशिक्षण मिळवण्याचा प्रयत्न केला, त्याचा हा वृत्तान्त आहे. तो कोणा एका व्यक्तीचा नाही. निमशहरी रुग्णालयातून असा अर्ज करणाऱ्यांना ज्या टप्प्यांतून जावे लागते ते टप्पे येथे एका प्रकरणात गुंफले आहेत. त्यात येणारे नियम, संस्था आणि अभ्यासक्रम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

परिस्थिती

गळीत हंगाम सुरू झाला की या भागातल्या रुग्णालयात पायाला जखम घेऊन येणारे मधुमेही दिसू लागतात. तोडलेल्या उसाचे बुडखे टोकदार असतात, सरीत ओल असते, आणि चिखलात चप्पल रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवण्याची रीत आहे. पायाची संवेदना शाबूत असलेल्या माणसाला बुडखा लागताक्षणी कळते. बारा-पंधरा वर्षे साखर वाढलेल्या माणसाला ते कळत नाही. "काटा मोडला तरी कळंना झालंय मॅडम," हे वाक्य डॉक्टर केसपेपरवर जसेच्या तसे लिहून ठेवत, कारण बधिरपणाचे याहून नेमके वर्णन त्यांना सुचत नव्हते. जखमेचा वास येऊ लागला की घरच्यांच्या ध्यानात येते, आणि तोवर बोट वाचवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

दुसरा भाग पादत्राणांचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिल्ह्याला तिचा अभिमान आहे, परंतु बधिर पायाच्या दृष्टीने ती अडचणीची आहे. तिचा तळ कडक असतो, पायाचा अंगठा अडकवण्याची गोल पट्टी, जिला कारागीरही 'अंगठा'च म्हणतात, कातडीला घासते, आणि टाचेला धरून ठेवणारे मागे काही नसल्यामुळे चप्पल पायातून निसटली तरी चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: संवेदना गेलेल्या माणसाने घरात किंवा बाहेर अनवाणी चालू नये आणि पातळ तळाच्या सपातांवरही चालू नये. यावर आपल्याकडे एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ) रबराची सँडल हा जुना व स्वस्त उपाय आहे. मात्र कुष्ठरोग्यांना हीच पादत्राणे दिली जात असल्याने गावात ती दुरूनही ओळखू येतात आणि रुग्ण ती घालायला लाजतात. सुभाषनगरातल्या चर्मकारांकडून एमसीआरचा तळ, टाचेला पट्टा आणि अंगठ्याला फाटा देऊन, पण वरून कोल्हापुरीसारखीच दिसणारी चप्पल करून घ्यावी, म्हणजे माणूस ती लग्नकार्यालाही घालून जाईल, अशी डॉक्टरांची कल्पना होती. कल्पना चांगली होती. तिच्यासाठी पैसा कोण देईल, एवढाच प्रश्न आहे असे त्यांना आणि विश्वस्तांना वाटत होते.

पहिला प्रस्ताव

पहिल्या मसुद्यात सगळेच होते: गावोगावी पाहणी, नव्या चपलेची रचना, तिची दोन वर्षे तुलना, आठवड्यातून एकदा पायांचा दवाखाना आणि आशाताईंचे प्रशिक्षण. सुरुवात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, इंडियाब अभ्यासातल्या आकड्यांनी केली होती. देशात १० कोटी १० लाख मधुमेही, प्रौढांमध्ये ११.४ टक्के प्रमाण, पूर्वमधुमेहाचे प्रमाण १५.३ टक्के. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली होती आणि आकडे भक्कम आहेत. पण मधुमेहावरचा जवळपास प्रत्येक भारतीय प्रस्ताव आता याच आकड्यांनी सुरू होतो, त्यामुळे छाननी करणाऱ्याला त्यातून नवे काही कळत नाही. त्याला माहीत करून घ्यायचे असते ते हातकणंगल्याविषयी, आणि मसुद्यात ते पाचव्या पानावर होते.

मसुदा घेऊन डॉक्टरांनी निधी देणाऱ्या संस्थांचे नियम वाचायला घेतले. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे संशोधन अनुदान मुख्यतः अमेरिकेतील संस्थांत काम करणाऱ्या संशोधकांसाठी असते. पूर्वी जेडीआरएफ या नावाने ओळखली जाणारी आणि २०२४ पासून ब्रेकथ्रू टी१डी झालेली संस्था टाइप १ मधुमेहापुरतीच आहे, आणि येथील रुग्ण जवळजवळ सगळे टाइप २ चे. हे दोन पर्याय लगेच बाजूला पडले.

वर्ल्ड डायबेटिस फाउंडेशनचे तसे नव्हते. नोव्हो नॉर्डिस्कने २००२ मध्ये स्थापन केलेली डेन्मार्कमधली ही संस्था अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मधुमेहाची काळजी उभी करण्यासाठी पैसा देते आणि पायांचे काम तिच्या आवडीचे आहे. येथे अडचण विश्वस्त संस्थेच्या कागदपत्रांत निघाली. परकीय योगदान विनियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी पैसा घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची असावी लागते आणि आधीच्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नोंदणी मिळाल्यावरही पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि त्यातला २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग प्रशासकीय खर्चावर घालता येत नाही. नोंदणी असलेल्या पुण्यातल्या एखाद्या संस्थेने निधी घ्यावा आणि येथे वळता करावा, अशी सूचना एका विश्वस्तांनी केली. तीही चालणारी नव्हती, कारण परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यास २०२० च्या दुरुस्तीने बंदी घातली आहे. शिवाय संशोधनाचा भाग परदेशी पैशातून करायचा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी.

उरली आयसीएमआर. तिच्या संस्थाबाह्य, म्हणजे बाहेरच्या संस्थांना दिल्या जाणाऱ्या, अनुदानात लहान गटातील प्रकल्पाला दोन कोटी रुपयांपर्यंत मागणी करता येते, म्हणजे 'लहान' हा शब्दही येथे सापेक्ष आहे. परंतु अर्ज करणारी संस्था सरकारी नसेल तर तिला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता असावी लागते, आणि ती या रुग्णालयाला नव्हती. स्वतःची नैतिकता समितीही नव्हती. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी समिती किमान सात जणांची असते, तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, आणि जैववैद्यकीय संशोधनासाठी तिची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. तीस खाटांच्या रुग्णालयाने निव्वळ एका प्रकल्पासाठी हा संसार मांडण्यात अर्थ नव्हता.

माझ्या मते या टप्प्यावर अनेक अर्जदार खचतात ते चुकीच्या कारणाने. आपला विषय नाकारला गेला असे त्यांना वाटते, पण विषयापर्यंत कोणी पोहोचलेलेच नसते. प्रस्ताव परत येतो तो पात्रतेच्या पानावरून. महाराष्ट्राच्या खेड्यांत मधुमेहाच्या संशोधनासाठी परदेशी पैसा येतच नाही असे नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली माता-पोषणाचा जो अभ्यास सुरू आहे, त्याला वेलकम ट्रस्टचे पाठबळ मिळाले. पण त्यामागे केईएम रुग्णालय संशोधन केंद्रासारखी संशोधनासाठीच उभी राहिलेली संस्था होती. ते उदाहरण देऊन हातकणंगल्याच्या डॉक्टरांना 'मोठे स्वप्न पाहा' असे सांगणे सोपे आहे, पण त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही.

प्रस्तावाची फोड

कामाला वळण मिळाले ते कोल्हापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातल्या प्राध्यापकांशी झालेल्या बैठकीत. शहरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले सीपीआर रुग्णालय आहे, तसेच कसबा बावड्यात डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे नैतिकता समिती, संख्याशास्त्र जाणणारी माणसे आणि पदव्युत्तर विद्यार्थी रुग्णालयापासून तासाभराच्या आतच होते. प्राध्यापकांनी मसुदा वाचून विचारले की यात तुमचा प्रश्न नेमका कोणता, कारण मला यात तीन दिसतात. किती रुग्णांच्या पायाची संवेदना गेली आहे हा एक. नवी चप्पल प्रचलित एमसीआर सँडलच्या तोडीची आहे का हा दुसरा. आणि आज दारात आलेल्या रुग्णाचा पाय वाचवायचा कसा हा तिसरा, जो संशोधनाचा प्रश्नच नव्हता.

ही फोड होताच तीन वेगळे मार्ग दिसू लागले. पहिला प्रश्न एमडीच्या प्रबंधाचा होता. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध करावाच लागतो आणि पहिल्याच वर्षी तो विषयाच्या शोधात असतो. रिसर्च सोसायटी फॉर द स्टडी ऑफ डायबेटिस इन इंडिया ही १९७२ मध्ये स्थापन झालेली संघटना अशा प्रबंधांना लहान अनुदानेही देते. विद्यार्थिनी महाविद्यालयाची, मार्गदर्शक महाविद्यालयाचे, डॉक्टर सहमार्गदर्शक आणि रुग्ण हातकणंगल्याचे, अशी मांडणी झाल्यावर नैतिकता समितीचा प्रश्नही सुटला. नमुन्याचा आकार कागदाच्या मागच्या बाजूवर निघाला: चारातल्या एकाची संवेदना गेली असेल असे गृहीत धरले आणि पाच टक्क्यांच्या फरकाची मुभा ठेवली, तर २५ गुणिले ७५ गुणिले ४ भागिले २५, म्हणजे ३००, न येणाऱ्यांसाठी दहा टक्के वाढवून ३३०. पहिल्या मसुद्यातल्या गावोगावच्या पाहणीसाठी दोन मोटारी आणि सहा माणसे लिहिली होती. त्यांची गरजच उरली नाही.

प्रशिक्षण कोणाचे

डॉक्टरांना स्वतःसाठी प्रशिक्षण हवे होते आणि ते मिळवणे तुलनेने सोपे होते. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि डॉ. मोहन्स डायबेटिस एज्युकेशन अकॅडमी यांचा पुराव्याधारित मधुमेह उपचारांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम २०१० पासून चालतो. महिन्यातून एक दिवस वर्ग भरत असल्याने प्रॅक्टिस बंद ठेवावी लागत नाही. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या स्कूलचे काही लहान अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतात. संशोधनाची मूलतत्त्वे शिकवणारा चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता करावाच लागतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना ३० श्रेयगुण दाखवावे लागतात, त्यातले काही अशा शिक्षणातून भरून निघतात. मात्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही नोंदणीयोग्य पदवी नव्हे, आणि तो केला म्हणून पाटीवर नवे अक्षर चढवता येत नाही, हे डॉक्टरांना माहीत होते. सगळ्यांनाच असते असे म्हणवत नाही.

खरी उणीव दुसरीकडे होती. पायाची तपासणी डॉक्टर करणार नव्हत्या, ती सिस्टर करणार होत्या, आणि मसुद्यात सिस्टरांच्या प्रशिक्षणासाठी एक रुपयाही नव्हता. या बाबतीत धडा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे ज्यात अग्रभागी होते त्या 'स्टेप बाय स्टेप' प्रकल्पात, ज्याला वर्ल्ड डायबेटिस फाउंडेशनने पैसा दिला होता, एकट्या डॉक्टरांना न बोलावता डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना शिकवले गेले. आधी प्राथमिक आणि पुढच्या वर्षी प्रगत, असे दोन टप्पे होते.

जोडीने शिकण्याची गरज का असते हे पहिल्याच सरावात दिसले. पायाची संवेदना तपासण्याचा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू. तो तळपायाला काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि सुमारे दोन सेकंदांनी उचलायचा. अंगठ्याच्या खालच्या बाजूला, अंगठ्यामागच्या उंचवट्यावर आणि करंगळीमागच्या उंचवट्यावर, प्रत्येक ठिकाणी तीनदा विचारायचे, त्यातले एकदा प्रत्यक्षात न टेकवताच. सिस्टर मात्र दर वेळी टेकवूनच "लागलं का?" असे विचारत आणि डोळे मिटलेले आजोबा भिडेखातर दर वेळी "व्हय" म्हणत. न टेकवता विचारल्यावरही "व्हय" आले तेव्हा खोलीतले सगळे हसले आणि चाचणीचा तो भाग कशासाठी असतो हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. दुसरी अडचण घट्ट्यांची. जन्मभर अनवाणी राबलेल्या पायाच्या नेमक्या त्याच जागी जाड घट्टा असतो, त्यावर तंतू टेकवला तर शाबूत पायही बधिर ठरतो. म्हणून घट्टा टाळून शेजारची मऊ जागा घ्यायची असते. तिसरी गोष्ट थेट अंदाजपत्रकाशी जोडलेली होती. एकाच तंतूने सलग दहाएक रुग्ण तपासले की तो मऊ पडतो आणि त्याला दिवसभराची विश्रांती द्यावी लागते. शिबिरात ऐंशी रुग्ण येणार असतील तर आठ तंतू हवेत. मसुद्यात एक लिहिला होता.

काळजीचा पैसा

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे पायांच्या दवाखान्यासाठी आणि चपलांसाठी, विश्वस्तांची पहिली धाव साहजिकच साखर कारखान्याकडे गेली. चेअरमनसाहेबांनी आपुलकीने ऐकून घेतले आणि सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवतो म्हणाले. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा (सीएसआर) नियम कारखान्यालाही लागू असेल, या समजुतीवर विश्वस्त विसंबले होते. परंतु तो नियम कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ मधला आहे आणि तो कंपन्यांना लागू होतो. सहकारी कारखाना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेला असतो. तो मदत देऊ शकतो, पण ती त्याच्यावर त्या कलमान्वये बंधनकारक नाही. ज्या जिल्ह्यात साखर आणि दूध दोन्ही सहकाराच्या हाती आहेत तेथे हा फरक किरकोळ नाही, आणि मदत मागायला निघालेल्या किती संस्था तो लक्षात न घेता वर्ष घालवतात हे पाहिले की खेद होतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांचे गणित वेगळे. त्यातली एखादी कंपनी म्हणून नोंदलेली असेल आणि तिचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटींच्या घरात गेला, तर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम तिला खर्च करावी लागते. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर त्यासाठी वेगळी समिती नेमावी लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेते. म्हणजे मोठ्या कंपनीच्या मुंबईतील कार्यालयाला पत्रे पाठवण्यापेक्षा मध्यम आकाराच्या कारखान्याच्या मालकाला जाऊन भेटणे अधिक फलदायी ठरते. विश्वस्तांकडे आयकरातील १२ए व ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या आधीच होत्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणी, जी एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे, करून घ्यावी लागली.

येथे प्रस्तावाची फोड दुसऱ्यांदा उपयोगी पडली. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत आरोग्य आणि प्रतिबंधात्मक आरोग्य हा विषय पहिल्याच नोंदीत आहे. संशोधनासाठीची नोंद मात्र मुख्यत्वे सरकारी निधीवरच्या प्रकल्पांसाठी, विद्यापीठांसाठी आणि संस्थांसाठी आहे. मूळ मसुदा तसाच नेला असता तर कंपनीच्या सनदी लेखापालाने 'संशोधन' हा शब्द पाहून तो परत केला असता. पायांची तपासणी, जखमेचे ड्रेसिंग, पादत्राणे आणि सिस्टरांचा पगार, एवढाच प्रस्ताव गेला आणि तो मंजूर झाला. एका मुद्द्यावर मात्र ताण आला. मालकांना शिबिर आधी आपल्या कामगारांसाठी हवे होते, आणि केवळ कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च सामाजिक उत्तरदायित्वात धरता येत नाही. डॉक्टरांनी कामगारांची तपासणी वेगळ्या दिवशी, कंपनीच्या स्वतःच्या खर्चाने करण्याचे ठरवले आणि दोन्ही हिशेब वेगळे ठेवले.

याच सुमारास एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने परदेशातील परिषदेचा प्रवासखर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनुसार कंपन्यांनी डॉक्टरांना असा प्रवास देणे अपेक्षित नाही, त्यामुळे त्यावर फार विचार करावा लागला नाही.

सध्याची स्थिती

प्रबंधाची तपासणी चालू आहे आणि पायांचा दवाखाना दर गुरुवारी भरतो. संवेदना शाबूत असलेल्यांना वर्षाने, ती गेलेल्यांना सहा ते बारा महिन्यांनी, सोबत रक्तप्रवाह कमी किंवा पायात विकृती असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि आधी जखम होऊन गेलेल्यांना एक ते तीन महिन्यांनी बोलवायचे, हे आंतरराष्ट्रीय कार्यगटाचे वेळापत्रक सिस्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले आहे. औषधांसाठी रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडले जाते, कारण असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळणाऱ्या गोळ्यांवर पुन्हा खर्च करण्याचे कारण नाही.

चपलेच्या तुलनेचा दुसरा प्रश्न आता आयसीएमआरकडे जाईल, महाविद्यालयातील प्राध्यापक मुख्य संशोधक आणि डॉक्टर सहसंशोधक म्हणून. तुलना कोणाशी करायची यावर बैठकीत बराच खल झाला. एका गटाला नवी चप्पल द्यायची आणि दुसऱ्याला आपली नेहमीचीच वापरू द्यायची, ही मांडणी सोपी असली तरी धोका माहीत असताना रुग्णाला कडक तळाच्या चपलेवर सोडणे नैतिकता समितीने मान्य करू नये, आणि डॉक्टरांनाही ते मान्य नव्हते. म्हणून दुसऱ्या गटाला प्रचलित एमसीआर सँडल द्यायची आणि कोणती चप्पल दिवसातले किती तास पायात राहते हे मोजायचे, असे ठरले. पहिला रुग्ण सामील होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करायची आहे, कारण एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंद करता येत नाही.

सुभाषनगरच्या कारागिरांनी नमुन्याच्या दोन जोड्या करून दिल्या आहेत. टाचेचा पट्टा पहिल्या जोडीत घासत होता, दुसरीत त्याला आतून मऊ कातडे लावले. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त ठेवण्यावर मात्र कारागीर मामांचे आणि डॉक्टरांचे अजून एकमत नाही. चप्पल पायाबरोबरच बसली पाहिजे, असे मामांचे म्हणणे आहे. एमसीआरचा तळ शेतातल्या वापरात लवकर दबतो आणि तो वेळोवेळी बदलावा लागेल. कंपनीची मंजुरी सध्या एकाच आर्थिक वर्षाची असल्याने हा बदलीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, की कंपनीकडून बहुवर्षीय प्रकल्प म्हणून नव्याने मंजुरी घ्यायची, हे मार्चच्या आत ठरवायचे आहे.